खड्ड्याला पाणी पाजणारे उकंडराव

पहाटे साडेपाचला कोणी तुमचं फाटक ढकलून अंगणात शिरला आणि मोकळ्या जमिनीत डबाभर पाणी ओतू लागला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? आम्ही त्याला उकंडराव म्हणायचो. येडं पण म्हणायचो, पण ते माघारी.

उकंडराव वायरमन. अमरावतीत आमच्या गल्लीत वीज आली ती यांच्याच हातून. एकूणएक घराची फिटिंग यांची. बरं, काम झालं, आता जावं की नाही माणसानं आपल्या वाटेनं? नाव नको. उन्हाळा लागला की हे गृहस्थ सायकलला घासलेटचे दोन रिकामे डबे बांधायचे, त्यात पाणी भरायचे आणि दारोदार फिरायचे. लोक झाडाला पाणी घालतात, हे खड्ड्याला घालायचे. भिंतीवरून उतरलेली तार जिथं जमिनीत शिरते तिथं उकिडवं बसायचं, अर्धा डबा हळूहळू सोडायचा, पाणी मुरेपर्यंत ओठातल्या ओठात पुटपुटायचं, आणि जमिनीवर दोन थापा मारून निघून जायचं. घरचं माणूस जागं आहे की झोपलंय, याच्याशी देणंघेणं नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांची, शाळेत शिकवत होते, आणि स्वभावानं तिखट. आता ऐंशी ओलांडली. दात गेले, तिखटपणा राहिला. एकदा मी त्यांना गाठलंच.

"उकंडराव, दोन वर्षं पाणी घालताय. काय पेरलंय खाली? उगवणार कधी?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मास्तर ते आणि मी पहिलीतली पोरगी.

"इंदूबाई, करंट म्हंजे जावाई हाये. त्याले घरातून जायची वाट दाखवून ठेवा लागते. नाई दाखवली त थो घरातच बसते, आन् मंग कोनाच्या आंगावर येईन सांगता येत नाई. हे त्याची वाट. उन्हायात जमीन सुकली का वाट बंद. समजलं?"

"आणि पुटपुटता काय?"

"मोजून राहिलो. शंभर मोजेपर्यंत पानी मुरलं पायजे."

ती तार आणि तो खड्डा, दोन्ही मिळून अर्थिंग. रस्त्यात भेटले तर माणसाची विचारपूस नाही, "काय म्हन्ते तुमची अर्थिंग?" चहा विचारला तर "आधी जमीन, मंग चहा." आणि चूक? चूक या माणसानं जन्मात कबूल केली नव्हती. एका घरी यांनी लावलेला पंखा उलटा फिरला, तर वरची गरम हवा वरच राहिली पाहिजे म्हणून मुद्दाम तसा लावलाय, असं त्यांनी घरमालकाला पटवून दिलं. तो बिचारा सबंध उन्हाळा घामाघूम होऊन त्या पंख्याखाली बसला. "उकंडाच्या हातची अर्थिंग मेली असं कोनी दाखवून द्या," ते चौकात उभं राहून म्हणायचे, "हे पक्कड नाल्यात फेकतो!"

आमच्या घरात वीज आली तेव्हा आई इथं नव्हती. ताईचं पहिलं बाळंतपण अकोल्याला सासरीच झालं, म्हणून आई दोन महिने तिकडे होती. आठव्या दिवशी ताईचं बाळ गेलं. आई परतली तेव्हा घरात दिवे लागले होते, अंगणातला खड्डा खणून बुजवूनही झाला होता, आणि तिला कोणाशी बोलायचीच इच्छा नव्हती. त्या खड्ड्यात काय आहे हे तिला कोणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

बाबा हेडमास्तर. छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून घरातून देव, अंगारा, ताईत, उतारा, सगळं गेलं. नुसतं घरातून नाही. वस्तीत कोणाच्या दारावर लिंबू-मिरची दिसली की बाबा तिथंच उभे राहून तासभर शिकवायचे. लोक त्यांना दुरून पाहिलं की आधी दाराकडे धावत. आई बाबांबरोबर होती, अगदी मनापासून होती. पण नातवंड हातचं गेलेली बाई होती ती.

दुसऱ्या खेपेला ताई माहेरी आली, ऐन वैशाखात. आता वैशाखात अमरावतीला गरम पाणी कशाला, नळच चटका देतो, असं तुम्ही म्हणाल. पण बाळंतिणीला कढत पाणी लागतंच, मग बाहेर वैशाख असो की पौष. आणि ताईला दमा. बंबाचा धूर मोरीत कोंडला की तिला धाप लागायची. म्हणून आमच्या मेहुण्यांनी अकोल्याहून पाणी तापवायचा विजेचा हिटर पाठवला. बदली होऊन गेलेल्या कुणा साहेबाच्या बंगल्यातला होता. उकंडरावांनी तो मोरीच्या भिंतीवर बसवला तेव्हा अख्खी गल्ली पाहायला आली.

ताईला मुलगी झाली. घरीच झाली, सुखरूप झाली. आणि त्याच दिवसापासून आई बदलली. बाळाला नजरेआड करेना. उकंडराव पहाटे आले तर फाटकाला आतून कडी.

"बाळंतिनीचं घर हाये. यायचं नाई."

"येत नाई जी!" उकंडराव भिंतीपलीकडून ओरडायचे. "पन मास्तरीनबाई, खड्ड्याले पानी तेवढं टाका!"

आई धाडकन दार लावून घ्यायची. मला तर बरंच वाटलं. म्हटलं, सुटलो एकदाचे पहाटेच्या कटकटीतून.

दहाव्या दिवशी सकाळी आई मोरीत लाकडी पाटावर पाय पसरून बसली होती. पायांवर बाळ, तेल लावलेलं. घंगाळातलं पाणी संपलं म्हणून तिनं हात लांब करून हिटरची तोटी धरली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. हात तोटीला चिकटलेला, अंग थडथडतंय, आणि पायांवर बाळ. मी धावले.

"हात लावू नको तिला!" बाबा ओरडले आणि त्यांनी ओसरीतला मेन स्विच खाली ओढला.

आई मागे कलंडली. बाळ घसरून पाटाच्या कडेला गेलं होतं आणि ते रडत नव्हतं. मी उचललं, पालथं धरलं, पाठीवर थोपटलं. ताई दारात उभी. मला त्या क्षणी ते अकोल्याचं बाळच आठवत होतं, दुसरं काही नाही. मग पोरीनं एकदाचा टाहो फोडला आणि आम्ही सगळेच रडलो.

बाबा डॉक्टरांना आणायला निघाले. जाता जाता मला म्हणाले, "त्या उकंडरावाला बोलाव."

बोलावलं कसलं, मी त्यांना फरफटत आणलं. वाटभर माझं तोंड सुरू होतं. तुमचा जावई, तुमची वाट, तुमची पक्कड, काय काय बोलले ते सांगायची सोय नाही. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या.

"लेकरू?"

"आहे."

"माय?"

"आहे."

घरात शिरताच त्यांचा हुकूम. "सगळे बाजेवर बसा. पाय खाली कोनाचा लागला नाई पायजे." आई, ताई, बाळ बाजेवर बसले. मला त्यांनी पाटावर उभं करून मेन स्विचपाशी ठेवलं. मग खिशातून फडक्यात गुंडाळलेला बल्ब काढला, त्याला दोन तारा जोडलेल्या. "हा माहा साक्षीदार. मानूस खोटं बोलते, हा नाई बोलत."

एक तार हिटरच्या तोटीला, दुसरी करंट परत जातो त्या तारेला. "मेन वर!" मी वर केला. बल्ब लालसर, मरगळलेला पेटला.

"खाली! पाह्यलं? करंट पान्यात उतरला. आतला कॉइल फुटला." त्यांनी तो बाहेर काढला. चुन्यासारखा पांढरा थर आणि मधोमध चीर. "अकोल्याचं खारं पानी पिऊन आधीच झिजला व्हता. बसवला तवा ठीक व्हता, आता गेला."

"मग सापडलं ना? झालं तर."

"काय झालं?" ते माझ्यावर खेकसले. "कॉइल फुटनच. थो फुटला तरी करंट जमिनीत गेला पायजे, फ्यूज उडाला पायजे. मास्तरीनबाईच्या हातात काहून आला? सांगा न!"

हे मात्र खरं होतं. जावयाला वाट होती, मग तो घरात का बसला?

आता त्यांनी साक्षीदाराची एक तार करंटच्या तारेला जोडली, दुसरी अर्थिंगच्या तारेला. "आता पाहा. दुपारच्या उन्हावानी पेटते. मेन वर!"

मी वर केला. बल्ब पेटला नाही.

त्यांनी तारा घासून पुन्हा लावल्या. काळोख. बल्ब काढून घरच्या दिव्याच्या जागी लावून पाहिला, तिथं लख्ख पेटला. पुन्हा अर्थिंगला लावला. काळोख. चार वेळा त्यांनी ते केलं. पाचव्यांदा नुसतेच खाली बसले.

"मेली," ते हळूच म्हणाले.

खरं सांगते, क्षणभर मला आनंद झाला. बरी जिरली, असं वाटलं. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि तो आनंद गिळून टाकला.

ते उठले, सब्बल म्हणजे लोखंडी पहार घेतली आणि अंगणात गेले. तार जिथं जमिनीत शिरत होती तिथं त्यांनी पहिला घाव उगारला, आणि आई बाजेवरून उठून, केस सुटलेले, अनवाणी धावत आली.

"तिथं खंदू नका!"

"काहून?"

"नका म्हनलं न!" आई त्या जागेवरच जाऊन उभी राहिली. "माह्या नातीची वार पुरली हाये तिथं."

बाळामागून जी वार पडते ती आमच्याकडे घराच्या अंगणात पुरतात, आणि मग ती जागा कोणी उकरायची नाही, कुत्र्यानं नाही, माणसानं नाही. हे तर ठीक. पण वैशाखातली काळी माती म्हणजे दगड. कुदळ मारली तर कुदळच परत उडते. साऱ्या अंगणात मऊ जागा एकच होती, जिथं उकंडराव दोन वर्षं पाणी मुरवत होते. बाळ झालं त्या दिवशी आईनं तिथंच खणलं होतं.

"खंदलं आन्?" उकंडरावांनी विचारलं. सब्बल अजून हातात.

आई एका दमात सगळं बोलली.

"मीठ निंघालं. कोयसे निंघाले. अन् तांब्याची पत्री. मले लय वाचता येत नाई, पन त्याइचं नाव वयखता येते. पत्रीवर आमच्या मास्तरचं नाव कोरलेलं. कोनं पुरलं? ज्या महिन्यात माह्या लेकीचं पयलं लेकरू गेलं त्याच महिन्यात पुरलं. आन् तुमी रोज झुंजूमुंजू तिथं येऊन बसता, पानी टाकता, तोंडातल्या तोंडात मंत्र म्हन्ता. मी काय समजाव? म्या सगळं काढलं, फडक्यात बांधलं, लिंबू कापून तिवाट्यावर टाकून आली. तार तशीच मातीत खुपसली. मले वाटलं करनी हाये. अन् मले वाटलं…" तिनं उकंडरावांकडे पाहिलं. "मले वाटलं तुमीच केली."

मी दारात थिजले. आता हा माणूस काय करेल? त्याच्या सगळ्या आयुष्याचा अभिमान या बाईनं फडक्यात बांधून तिवाट्यावर फेकला होता, वर त्यालाच चेटक्या ठरवलं होतं. आणि बाबा कोणत्याही क्षणी येणार. लिंबू-मिरचीवर तासभर बोलणाऱ्या हेडमास्तरांच्या बायकोनं उतारा टाकला आणि त्यापायी नात मरता मरता वाचली, हे त्यांना कळलं तर?

उकंडरावांनी सब्बल खाली ठेवली.

"नाव म्याच कोरलं," ते म्हणाले. "ज्याची जमीन त्याचं नाव. सगळ्याइच्या पत्रीवर कोरतो. मीठ-कोयसा वल धरून ठेवाले असते." मग थोडं थांबून म्हणाले, "बाई, माह्या आधी मायची पाच लेकरं गेली. मी झालो त मायनं मले उकिरड्यावर लोयवलं, का मरनाले वाटाव, हे फेकलेलं हाये, याले काय न्याव. म्हनून माहं नाव उकंडा. म्या मायले कधी येडी म्हनलं नाई. तुमाले काहून म्हनू?"

त्यांनी सब्बल उचलली, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि दगडासारख्या जमिनीत नवा खड्डा खणू लागले.

डॉक्टर आले, बाळाला पाहिलं, आईला पाहिलं, दोघी बऱ्या आहेत म्हणाले. बाबा अंगणात आले. आई भिंतीला टेकून उभी होती.

"काय निघालं, उकंडराव?"

उकंडरावांनी मान वर केली नाही. "अर्थिंग मेली मास्तर. माही चूक. पत्री पातळ वापरली, दोन वरसात मातीनं खाऊन टाकली."

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. आईनं तोंडात पदर धरला.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "दहा दिवसांचं लेकरू होतं," ते म्हणाले. "एवढं काम करून द्या आणि पुन्हा या घराची पायरी चढू नका." आणि बाबा म्हणजे बाबा, आपल्या घरचं झालं, बाकीच्यांचं काय, म्हणून त्याच दिवशी ते घरोघर जाऊन सांगून आले, की उकंडरावांच्या अर्थिंगवर भरवसा ठेवू नका, दुसऱ्याकडून तपासून घ्या. त्यात दुष्टावा नव्हता, ते त्यांना कर्तव्य वाटलं. दुसरा वायरमन आला, त्यानं गल्लीभर तपासलं. प्रत्येक घरी बल्ब भकाभक पेटला. पण त्याचा अर्थ काय, हे कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. फाटकांना कड्या लागल्या त्या लागल्याच.

दोन दिवसांनी आमच्या फाटकाशी कागदात गुंडाळलेला नवा कॉइल सापडला, अकोल्याहून आणलेला. आणणारा दिसला नाही. बाबांनी तो त्या दुसऱ्या वायरमनकडून बसवून घेतला. हिटर सुरू झाला, ताईच्या आंघोळी सुरू झाल्या, बाळ बाळसं धरू लागलं. आई मात्र दोन घासांवर ताटावरून उठायची. आणि मी? मी वर्गात पोरींना नेहमी खरं बोलावं म्हणून धडे देत होते आणि घरी तोंडाला कुलूप लावून बसले होते. भेकड निघाले मी, दुसरा शब्द नाही.

सव्वा महिना झाला. बाळ पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर काढायचं, आधी विहारात न्यायचं, मग कुठं. बाबा छत्री धरून पुढे, आईच्या कुशीत बाळ, मागे ताई आणि मी. चौकात बाबा डावीकडे वळले. आई उजवीकडे वळली.

"अगं, इकडे!" बाबा म्हणाले.

"या माह्या मागं," आई म्हणाली. बाबा आले. एवढ्या वर्षांत आई पुढे आणि बाबा मागे, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

उकंडरावांची एक खोली, वर पत्रे. सगळ्या गल्लीत दिवे लावणाऱ्या माणसाच्या घरात वीज नव्हती, खुंटीला कंदील. पुढे कधीतरी मी विचारलं तर म्हणाले, आपल्या एकट्याले कायले? ते दारातच पक्कड पुसत बसले होते. आम्हाला पाहून धडपडत उठले.

आई रस्त्यातच उभी राहिली आणि शेजारपाजारच्या बायका दारात येतील एवढ्या मोठ्यानं बोलली. "उकंडरावाची अर्थिंग मेली नव्हती. म्या मारली." आणि मीठ, कोळसा, पत्री, लिंबू, तिवाटा, काही म्हणता काही तिनं ठेवलं नाही.

बाबांनी चष्मा काढला. "मला का नाही सांगितलंस?"

"तुमी तासभर शिकवलं असतं. मले भेव वाटत व्हतं जी. भेव शिकून जात नाई."

बाबा चष्मा पुसत राहिले.

"नाई मास्तर," उकंडराव मध्येच म्हणाले, "बाईले उन्ह लागलं. पत्री पातळच व्हती, म्या सांगतो न."

"तुमी गप बसा," आई म्हणाली. "खाली बसा."

ते बसले. आईनं वाकून बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"अवो नाई! मले नाई जमत. म्या लेकरू घेतलं नाई कधी. माह्या हातात कोनी देल्लंच नाई." उघडी तार चिमटीत धरणारे त्यांचे हात असे कापत होते, की पाहवेना. बाबांनी छत्री बाजूला टाकली, धुळीत त्यांच्या शेजारी बसले आणि त्या हातांखाली आपला हात धरला. उकंडरावांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

हळूहळू त्यांचे हात थांबले. बाबांनी आपला हात काढून घेतला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, ऊन चढू लागलं.

"आना आता," आई म्हणाली. "विहारात जायचं हाये."

उकंडरावांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"थांबा जी," ते कुजबुजले. "झोपलं हाये."